देवाचं म्हणजे कुणाचं?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

जेवणं आटोपली असतील, भांडी मोरीत पडली असतील. असू देत, ती कुठे पळत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं बसा.

आज एका शब्दावर बोलायचं आहे. आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, 'ते देवाचं आहे.' ती राई देवाची, तो कोंबडा देवाचा, तो बाजूला काढलेला रुपया देवाचा. पुढे जाऊन म्हणतो, आई माझं दैवत, सून म्हणजे घरची लक्ष्मी, डॉक्टर देवासारखा धावून आला. आमच्या एका गटाच्या बैठकीला आईबरोबर एक कॉलेजची मुलगी आली होती. तिच्या इंग्रजीच्या धड्यात 'डीइफाय' असा शब्द होता. तिनं मला अर्थ विचारला. मी सांगितलं, देव करणं, देव मानणं. तर ती म्हणते, 'ताई, देव करणं आणि देव मानणं एकच का?' बायका हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता.

इंग्रजीत या एका गोष्टीला बरेच शब्द आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात वेगळं काहीतरी आहे. 'डिव्हाईन' हा शब्द आपल्या 'दिव्य'चा लांबचा मावसभाऊ. आपला देव आणि लॅटिनमधला 'देउस' एकाच मुळातून आले, त्या मुळाचा अर्थ चमकणं, उजळणं. आपला 'दिवस'सुद्धा त्याच घरातला. 'होली' हा शब्द 'होल' म्हणजे अख्खं, धडधाकट या शब्दाच्या नात्यातला. 'वर्शिप' म्हणजे पूजा, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता मोल, लायकी. एखाद्याचं मोल ओळखणं म्हणजे त्याची पूजा. क्रिकेटवाल्यांचे 'फॅन' असतात ना, तो शब्द 'फॅनॅटिक'वरून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला देवळाचा शब्द आहे. म्हणजे सचिनला देव म्हणणारी पोरं शब्दाच्या अर्थाला धरूनच वागतात म्हणायची. आणि 'एन्थुझिआझम'? आपण त्याला उत्साह म्हणतो. मूळ ग्रीक अर्थ, आत देव शिरलेला असणं. शिमग्यात पालखी नाचवताना खांदेकऱ्यांच्या अंगात वारं येतं, नेमकं तेच.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटला तो 'सेक्रेड'. मुळात त्याचा अर्थ वेगळं काढलेलं, देवासाठी बाजूला ठेवलेलं. आपण कणग्यातून भात काढताना पहिली ओंजळ बाजूला ठेवतो, तसं. एकदा बाजूला काढलं की त्याला हात लावायचा नाही. आणि आपल्या रत्नागिरीत या अर्थाचं सगळ्यांत मोठं उदाहरण प्रत्येकीच्या गावात उभं आहे. देवराई. बाहेरचे अभ्यासक तिला 'सेक्रेड ग्रोव्ह' म्हणतात.

देवराईचे नियम तुम्हाला मी काय सांगणार? कोयती न्यायची नाही. वहाणा बाहेर काढायच्या. पडलेली सुकी फांदीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही. झाड हवंच असेल, तर देवीला कौल लावायचा, आणि तेसुद्धा देवळाच्या कामासाठी, कुणाच्या घराच्या वाशासाठी नाही. लहानपणी आम्ही तिथली गारंबीची हातभर शेंग उचलली, तर आज्जी ओरडायची, 'ठेव ती खाली. देवाचं हाय ते!' या एका वाक्याला ना वनखात्याचा शिपाई लागला, ना कुंपण. शेकडो वर्षं ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण उभे राहिले ते या वाक्यावर. आजूबाजूचा डोंगर कोळशाला गेला, शेताच्या कवळाला गेला, लाकूडवाल्याला गेला. मधोमध हिरवा ठिपका राहिला.

त्या ठिपक्यात काय असतं ते बघा. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मेमध्ये आपण हंडा घेऊन रांगेत असतो. कारण आपला जांभा. भोकाभोकांचा दगड, पाणी घेतो आणि पुढे सोडून देतो. उघड्या सड्यावरचं पाणी तर दोन दिवसांत खाडीला मिळतं. राईत मात्र पानांचा थर वीतभर जाडीचा असतो, मुळ्यांची जाळी असते. पाणी तिथे रेंगाळतं, मुरतं आणि खाली झऱ्यातून हळूहळू येतं. म्हणून जिथे जिथे राई दाट, तिथे पायथ्याला बारमाही झरा किंवा पाण्याची घळ असायची. आपल्या पूर्वजांनी 'जलसंधारण' हा शब्द ऐकला नव्हता. त्यांनी म्हटलं, इथे जुगाई राहते, इथे वाघजाई राहते, आणि काम झालं.

आणखी एक पाहण्यासारखं. ककणेर पक्षी, पुस्तकातला धनेश, याला घरटं करायला जुन्या झाडाची मोठी ढोली लागते. तेवढी म्हातारी झाडं आता बहुतेक राईतच उरली. मादी ढोलीत शिरते, दार लिंपून घेते, फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. नर महिनोन् महिने फळं आणून तिला आणि पिल्लांना भरवतो. बाळंतिणीची अशी बडदास्त आमच्या गटात एकीचीही झालेली नाही, असं एक बाई म्हणाली होती. ते असो.

या राया नुसत्या श्रद्धेनं टिकल्या असं मात्र समजू नका. १९७० नंतरच्या वर्षांत पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतले वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ हे दोघे पश्चिम घाटातल्या देवराया बघत हिंडले. त्या काळात शेजारच्या रायगड जिल्ह्यातून, तेव्हाच्या कुलाब्यातून, श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना कळवलं की आमची राई तोडायचं सरकारी पातळीवर ठरलंय, वाचवायला मदत करा. आजूबाजूचं रान गेल्यावर ओहोळ आटले होते आणि राईतून निघणारा तेवढा वाहता राहिला होता, हे गावाला माहीत होतं. अभ्यासकांनी शब्द टाकला, वनखात्यानं ऐकलं, राई वाचली. बघा, गावानं देवीचं नाव सांगितलं, पाण्याचं कारणही सांगितलं, आणि योग्य माणसाला चिठ्ठी लिहिली. तिन्ही केलं. आपल्या संगमेश्वर तालुक्यात अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेनं गावकऱ्यांबरोबर बसून राया राखण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे. खाली सिंधुदुर्गात दोडामार्गजवळच्या बांबर्डेची दलदलीतली जंगली जायफळांची राई २०२१ साली सरकारनं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवानं राखलेलं होतं, त्यावर आता कायद्याचाही शिक्का बसला.

आता मला जे बोलायचं आहे तिकडे वळते. एखादी वस्तू देवाची ठरली, की ती कुणा एकाची राहत नाही. पण देव स्वतः उठून बोलत नाही. मग त्याच्या वतीनं बोलतो कोण?

आपल्या कायद्यालाही हा प्रश्न पडलेला आहे. आपल्या देशात देवाची मूर्ती कायद्याच्या नजरेत एक व्यक्ती असते. तिच्या नावे जमीन असते, ती दावा लावू शकते. पण ती स्वतः कारभार बघू शकत नाही, म्हणून तिला अज्ञान बालकासारखं धरतात आणि तिच्या वतीनं कुणीतरी पालक कारभार पाहतो. २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, मालक म्हणून देवाचंच नाव लागेल, पुजाऱ्याचं नाही. पुजारी म्हणजे सेवा करणारा. न्यूझीलंडमध्ये तर २०१७ साली व्हांगानुई नावाच्या नदीला कायद्यानं व्यक्ती ठरवलं. तिथल्या माओरी लोकांची ती पूर्वज. पण त्यांनी एक गोष्ट फार शहाणपणानं केली. नदीच्या वतीनं बोलायला दोन माणसं नेमायची ठरवली, एक माओरींचं, एक सरकारचं. त्याच वर्षी आपल्याकडे उत्तराखंडच्या न्यायालयानं गंगा-यमुनेला व्यक्ती म्हटलं होतं. काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. गंगा आपली आई आहेच, पण आईच्या वतीनं कुणी बोलायचं आणि नुकसानीची जबाबदारी कुणी घ्यायची, यावर गाडं अडलं.

हाच प्रश्न आमच्या भागातल्या एका गावात आला, त्याची गोष्ट सांगते. गावाचं नाव घेत नाही. देवीचं देऊळ राईत, जुनं, चिऱ्याच्या भिंती, लाकडी खांब, वर कौलं. गळायला लागलं होतं. मुंबईच्या मंडळानं पैसे जमवले, चाकरमान्यांची इच्छा की मोठं स्लॅबचं देऊळ व्हावं, पुढे सभामंडप व्हावा, गाडी दारापर्यंत यावी. इच्छा वाईट नाही. भक्तीच ती. पण मंडप आणि रस्ता यासाठी राईतली झाडं जाणार होती आणि कमी पडणारे पैसे त्याच लाकडातून उभे करायचे, असं ठरत होतं. कौल लावला. देवीनं उजवा दिला. झालं, देवीचीच आज्ञा.

त्या राईच्या पायथ्याचा झरा हे दोन वाड्यांचं पाणी. ते भरतात बायका. पण देवस्थानाच्या बैठकीत बाई नाही. बाईनं ओटी भरायची, नैवेद्य करायचा, शिमग्यात पालखी दारात आली की ओवाळायचं. त्या चार दिवसांत तर राईच्या वाटेनंही जायचं नाही, लांबच्या वाटेनं पाणी आणायचं. राई देवीची, पाणी बाईच्या डोक्यावर, आणि निर्णय घेणाऱ्यांत बाई शून्य.

गटाच्या मासिक बैठकीत हप्त्यांची वसुली झाली आणि हा विषय निघाला. बायका चिडल्या होत्या, पण देवीच्या कौलाविरुद्ध बोलायचं कसं? तेव्हा आमच्यातली सगळ्यांत म्हातारी सभासद, सही म्हणून अंगठा देणारी, तिनं सुपारी कातरता कातरता विचारलं, 'कौल लावला, पण इचारलं काय?' सगळ्या गप्प. चौकशी केली. गाऱ्हाण्यात घातलेला प्रश्न होता, देवी माते, तुझं नवीन देऊळ बांधावं अशी लेकरांची इच्छा आहे, मान्य असेल तर उजवा दे. म्हातारी म्हणाली, 'मंग? कुठली आई नको म्हनंल? झाडं तोडू का, असं इचारलंच नाय.'

मैत्रिणींनो, मी बी. ए. केलं, प्रशिक्षणं घेतली, प्रशिक्षणं दिली. एवढा नेमका मुद्दा मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकला नाही. या बाईनं देवीवर संशय घेतला नाही. कौलाला खोटं म्हटलं नाही. देवीच्या वतीनं बोलणाऱ्यांनी तिच्यापुढे काय ठेवलं आणि काय ठेवलं नाही, एवढंच विचारलं.

चार जणी जाऊन गुरवांना आणि मानकऱ्यांना भेटल्या. भांडायला नाही. म्हणाल्या, पुन्हा कौल लावा, गाऱ्हाण्यात झाडं तोडायची असं स्पष्ट घाला, झऱ्याचं नाव घाला. देवीनं उजवा दिला तर आमचं काही म्हणणं नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. तो प्रश्न देवीपुढे घालायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी मुंबईकरांशी बोलणं झालं आणि मंडप लहान करून मोकळ्या बाजूला सरकवला. रस्ता बांधापर्यंतच थांबवला. तरी दोन किंजळ गेलेच, त्यातला एक माझ्या मते जायला नको होता. स्लॅब मात्र झाला, उन्हाळ्यात आत उकडतं, ते आता सगळेच बोलतात.

म्हणून त्या कॉलेजच्या मुलीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. देव करणं सोपं असतं. शेंदूर लावला, हार घातला, मंडप घातला. दसऱ्याला आमचा एक गट काजू फोडायच्या मशीनची पूजा करतो, हळदकुंकू, झेंडू, सगळं. वर्षभर तिला तेल कोण घालतं असं विचारलं तर एकमेकींकडे बघतात. देव मानणं म्हणजे आपल्या हाताला लगाम घालणं. हे माझ्या हाताशी आहे, मला हवं आहे, तरी मी घेणार नाही, आणि याची झीज झाली तर मी भरून काढीन. मारळच्या मार्लेश्वराला गेलात ना कधी? गुहेत सापांचा वावर. बाहेर संक्रांतीला देवाच्या लग्नाची जत्रा, हजारो माणसं, पण आत समईचाच उजेड. जागा ज्यांची आहे त्यांच्या मर्जीनं आपण आत जायचं.

आणि उलटं उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे, ते झाकून ठेवू नये. पोरीला 'देवाला सोडली' म्हणायचे. शब्द तोच, देवाची केली. पण तिच्या हाताला, पायाला, शरीराला देवाच्या नावानं माणसांनीच वापरलं. ते बंद करायला मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा करावा लागला आणि महाराष्ट्राला पुन्हा २००५ साली नवा. राईला देवाची म्हटल्यावर माणसाचा हात मागे आला. पोरीला देवाची म्हटल्यावर माणसाचा हात पुढे आला. एकाच वाक्यानं दोन्ही होतं. तेव्हा कुणी काही देवाचं म्हटलं की मी आधी बघते, हात कुठल्या बाजूला गेला.

आता घरच्या लक्ष्मीकडे या. लग्न होऊन आली तेव्हा माप ओलांडून आलात, नाव बदललं, लक्ष्मी आली म्हणून पेढे वाटले. किती जणींच्या नावावर घर आहे? मी बैठकीत हात वर करायला सांगते तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येतो. गंमत बघा, देवळातल्या देवाचं नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून चढतं. घरच्या देवीचं चढत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास एक मोहीम केली होती, शेतकऱ्यांनी आपल्या बायकोच्या नावे थोडी तरी जमीन करून द्यायची. मोहिमेचं नाव होतं 'लक्ष्मीमुक्ती'. मला ते नाव फार आवडतं. लक्ष्मीची पूजा नाही, लक्ष्मीची सुटका. पुष्कळ शेतकऱ्यांनी तेव्हा खरोखर जमिनी केल्या. पुढे २००३ साली सरकारनं 'घर दोघांचे' असा निर्णय काढला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत नवरा-बायको दोघांचं नाव लागावं. पैसे लागत नाहीत, भांडण लागत नाही. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा मागा आणि आपलं नाव आहे का ते वाचा. वाचता येत नसेल तर लेकीला न्या.

राईचंही तसंच करायचं आहे. आपल्या गावची राई कागदावर कुणाची आहे ते किती जणींना माहीत आहे? कुठे देवस्थानाची असते, कुठे सरकारची, कुठे चक्क खासगी सातबाऱ्यात पाच-पन्नास नावांची. गट नंबर काढा, उतारा काढा. दुसरं, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. २००२ च्या कायद्यानं ती करावी लागते आणि तिच्यात किमान एक तृतीयांश बायका हव्यात. ग्रामसेवकांना विचारा, आमच्या समितीतल्या बायका कोण? पुष्कळ ठिकाणी ज्यांची नावं आहेत त्यांनाच पत्ता नसतो. तीच समिती लोक जैवविविधता नोंदवही ठेवते. तिच्यात आपली राई, झरा, ककणेराची ढोली, गारंबी, औषधाला चालणारा बेहडा, सगळं लिहून घ्या. म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहा, कारण कुठल्या झाडाची साल कशाला लागते ते त्यांच्याबरोबर जाईल.

आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा होते, ती रजिस्टरवर सह्या घेऊन आटपू देऊ नका. राईबद्दलचा ठराव तिथे मांडा, पुढच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवायला लावा. ठरावाची भाषा साधी ठेवा. देवस्थानाच्या कामासाठी राईतलं झाड काढायचं असेल तर आधी दोन्ही सभांपुढे यावं, एवढी एक ओळ पुरे.

मघाशी सांगितलेल्या गावातल्या बायका आता एक काम करतात. झऱ्यावर एक खूण ठरवली आहे. दर पौर्णिमेला तिथे एक हंडा लावतात, भरायला किती वेळ लागला ते गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितात. पुढच्या पानांवर कर्जाचे हप्ते, मागच्या पानांवर झऱ्याचे. शिमग्याच्या आधीच्या देवस्थान बैठकीला या वहीसकट दोघींना बोलावलंय. बसायला खाली की बाकावर, यावर अजून चर्चा चालू आहे.